घरात जागोजागी लघवीच्या खुणा करणारा कुत्रा: कारणे आणि उपाय

सात-आठ महिन्यांपर्यंत अगदी शहाण्यासारखा वागणारा, शू लागली की दाराशी जाऊन उभा राहणारा नर कुत्रा एक दिवस सोफ्याच्या कोपऱ्यावर तंगडी वर करतो. चार थेंब. घरच्यांना वाटते, चुकून झाले असेल. दुसऱ्या दिवशी पडद्याचे टोक, मग चपलांचा रॅक, आठवडाभरात स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर. घरात वाद सुरू होतात. आजी म्हणतात, देवघराच्या खोलीत त्याला पाऊल ठेवू देऊ नका. कोणीतरी सुचवते, गावाकडे शेतावर सोडून या. दवाखान्यात लोक येतात ते बहुतेक या टप्प्यावर: फिनाइलच्या बऱ्याच बाटल्या संपलेल्या असतात आणि कुत्र्याने थोडाफार मारही खाल्लेला असतो.

बहुतेक कुत्र्यांत ही सवय बरीच आटोक्यात येते, पण उपायांचा क्रम चुकला तर महिने वाया जातात. आधी आजार नाही ना हे बघायचे, मग जुना वास घालवायचा, मग नव्या खुणा करायची संधीच मिळू द्यायची नाही, आणि योग्य असेल तिथे नसबंदी करायची. यातले एकच काहीतरी केले आणि बाकीचे सोडले, तर फरक पडत नाही आणि लोक निराश होतात.

खूण करणे वेगळे, लघवी लागणे वेगळे

कुत्र्याला लघवी लागली आणि बाहेर जायला मिळाले नाही म्हणून त्याने घरात केली, ही एक गोष्ट. वासाची खूण ठेवण्यासाठी त्याने थोडीशी लघवी सोडली, ही दुसरी. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून नेमके काय चालले आहे हे आधी ओळखायला हवे.

खूण करताना लघवी थोडी असते, कधी चमचाभर, कधी काही थेंबच. ती बहुतेक उभ्या वस्तूवर असते: भिंतीचा कोपरा, दाराची चौकट, पलंगाचा पाय, कुंडी, पाण्याचा कॅन. त्याआधी कुत्रा ती जागा हुंगतो, कधी बराच वेळ. आणि पक्की ओळख म्हणजे, नुकताच अर्धा तास फिरून, सगळे विधी उरकून आलेला कुत्राही घरात शिरताच खूण करू शकतो. त्याचे मूत्राशय भरलेले असण्याची गरजच नसते.

याउलट, फरशीवर मोठे थारोळे दिसत असेल आणि ते सकाळी किंवा घरी कोणी नसताना होत असेल, तर बहुधा त्याला वेळेवर बाहेर नेले जात नाही, किंवा बाहेर जाण्याची सवयच पक्की झालेली नाही. कुत्रा झोपून उठल्यावर अंथरूण ओले असेल, तर लघवी धरून ठेवण्याची ताकद कमी झालेली असू शकते. तुम्ही घरी आल्यावर किंवा आवाज चढवल्यावर तो कान पाडून, अंग चोरून तिथेच शू करत असेल, तर ती भीतीची किंवा अति आनंदाची लघवी आहे. अशा कुत्र्याला रागावणे म्हणजे त्रास वाढवणेच.

मादी खूण करत नाही, हा गैरसमज आहे. माद्याही करतात, विशेषतः माजावर येण्याच्या आधीच्या दिवसांत आणि माजाच्या काळात. काही माद्या चक्क पाय उचलतात.

आधी आजार तपासा

पहिल्या भेटीत मी वागणुकीबद्दल विचारण्याआधी लघवीची तपासणी सांगतो, तेव्हा काही पालकांना ते अनावश्यक वाटते. "डॉक्टर, त्याला काही झालेले नाही, तो मुद्दाम करतो," असे ते सांगतात. पण मूत्रमार्गाच्या संसर्गात किंवा मूतखड्यात कुत्रा पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी करतो, आणि ते दिसायला अगदी खुणेसारखेच असते. संसर्ग माद्यांत जास्त आढळतो. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या नरांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी सुजल्यामुळेही लघवी थेंब थेंब होते, कधी रक्त मिसळून.

दुसरा गट आहे जास्त पाणी पिण्याच्या आजारांचा: मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार. त्वचेच्या खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड चालू असेल तरी कुत्रा भरपूर पाणी पितो आणि भरपूर लघवी करतो. पाण्याचे मोजमाप घरीच करता येते. सकाळी मोजून भांडे भरा, दुसऱ्या सकाळी उरलेले मोजा, मध्ये भर घातली असेल तर तीही धरा. २४ तासांत किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. म्हणजे ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला ३ लिटर, ५ किलोच्या पॉमेरेनियनला अर्धा लिटर. कडक उन्हाळ्यात थोडे वर-खाली होते, म्हणून दोन-तीन दिवस मोजावे.

नसबंदी न झालेली मादी माजानंतरच्या काही आठवड्यांत अचानक खूप पाणी पिऊ लागली, घरात लघवी करू लागली, खाणे सोडले, मलूल झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा. गर्भाशयात पू झाला असू शकतो, ज्याला पायोमेट्रा म्हणतात. त्यात योनीतून स्राव दिसेलच असे नाही. उशीर झाला तर जीव जातो. त्याचप्रमाणे एखादा नर वारंवार पाय उचलतो, कुंथतो आणि लघवी येतच नाही, तर खडा अडकलेला असू शकतो. तिथे सकाळची वाट बघू नये.

लघवीचा नमुना घेणे वाटते तेवढे अवघड नाही. सकाळी पहिल्यांदा बाहेर नेताना, धार सुरू झाली की एक धुतलेली, कोरडी, पसरट वाटी किंवा लांब दांड्याचा डाव हळूच खाली धरायचा. दोन-तीन चमचे पुरतात. स्वच्छ डबीत भरून एक-दोन तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, अर्थात घरच्यांना सांगून. फरशीवरून कापसाने टिपून आणलेल्या नमुन्याचा उपयोग होत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. लघवी कमी व्हावी म्हणून कुत्र्याचे पाणी तोडू नका. खुणेसाठी त्याला चार थेंब पुरतात, ते त्याच्याकडे असतातच. पाणी तोडल्याने फक्त तो कोरडा पडतो आणि खड्यांचा धोका वाढतो.

कुत्रा हे का करतो

कुत्र्याच्या दृष्टीने लघवी ही निव्वळ टाकाऊ गोष्ट नाही. तिच्या वासातून दुसऱ्या कुत्र्याला बरेच काही समजते: इथे नर आला होता की मादी, ती माजावर आहे का, वास ताजा आहे की शिळा. नाकाशिवाय कुत्र्याला टाळूच्या वर, नाकाच्या तळाशी, असे गंध टिपणारा एक वेगळा अवयवही असतो. रस्त्यावर खांबाखांबाला थांबून तो जे करतो ते आपल्या चौकातल्या फलकावरच्या सूचना वाचून खाली आपली सही करण्यासारखे आहे.

घराबाहेर हे कोणालाच खटकत नाही. प्रश्न येतो तो आतल्या जागेचा. वयात येताना, म्हणजे साधारण ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, नरांमध्ये संप्रेरकांमुळे ही ऊर्मी वाढते. पण घरात खूण करायला बहुतेक वेळा काहीतरी निमित्त असते, आणि ते शोधणे हे पालकांचे खरे काम.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात दुर्लक्षित निमित्त म्हणजे चपला. रस्त्यावरच्या कुत्र्यांनी जिथे लघवी केली तिथून आपण चालत येतो आणि तो वास थेट दारात आणून ठेवतो. चपलांचा रॅक हे घरातल्या कुत्र्याचे आवडते ठिकाण का, याचे उत्तर तिथे आहे. पाहुण्यांच्या बॅगा, पार्सलचे खोके, मुलांची जमिनीवर टाकलेली दप्तरे, पावसाळ्यातल्या छत्र्या यांचेही तेच. दुसरे निमित्त म्हणजे तळमजल्यावरची खिडकी किंवा गॅलरी, जिथून तो खालची कुत्री दिवसभर बघतो. जिन्यात किंवा लिफ्टच्या दाराशी दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने खूण केलेली असेल तर तोही प्रतिसाद देतो. जवळपास माजावर आलेली मादी असेल, तर काही नर खाणेपिणे सोडून फक्त खुणाच करत फिरतात.

आणि मग घरातले बदल. नवीन बाळ, नवीन कुत्रा किंवा मांजर, घर बदलणे, नवे फर्निचर, घरातल्या एखाद्या माणसाचे परगावी जाणे. बाळाच्या दुपट्यावर कुत्र्याने लघवी केली की घरचे म्हणतात, "याला मत्सर वाटतो, हा सूड उगवतोय." सूड ही माणसांची गोष्ट आहे. कुत्र्याला त्या दुपट्याला नवा, अनोळखी वास येतो आणि घराचे वेळापत्रक कोलमडल्यामुळे तो अस्वस्थ असतो. स्वतःचा ओळखीचा वास तिथे ठेवला की त्याला थोडे बरे वाटते, एवढेच.

वास गेला पाहिजे, डाग नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. फरशी पुसली, चकचकीत झाली, लिंबाचा सुगंध आला की आपल्या दृष्टीने ती जागा स्वच्छ. कुत्र्याच्या नाकाला मात्र त्या सुगंधाखालची लघवी व्यवस्थित समजते. तीच त्याला पुन्हा तिथे बोलावते.

लघवी ओली असतानाच जुना कपडा किंवा वर्तमानपत्र दाबून शक्य तेवढी शोषून घ्या. घासू नका, घासल्याने ती पसरते. मग साध्या थंड पाण्याने दोनदा पुसा. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा. ते नसेल तर कपडे धुण्याच्या एन्झाइम असलेल्या डिटर्जंटचे पातळ द्रावण चालते. महत्त्वाचे म्हणजे ते लगेच पुसून टाकायचे नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ, साधारणपणे १०-१५ मिनिटे, जागा ओली राहू द्यायची. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. गादी किंवा सोफा असेल तर लघवी जेवढी खोल गेली तेवढे खोल द्रावण गेले पाहिजे, नुसते वरून शिंपडून भागत नाही. नंतर उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा. डिटर्जंट वापरले असेल तर आधी पाण्याने नीट पुसून काढा, नाहीतर कुत्रा चाटेल.

अमोनिया असलेले काच-फरशीचे क्लीनर टाळा. लघवी शिळी झाली की तिलाही अमोनियाचाच वास येतो, त्यामुळे तुम्ही जागा धुतली असे कुत्र्याला वाटत नाही, कोणीतरी तिथे येऊन गेले असे वाटते. ब्लीच थेट लघवीवर ओतू नका. दोन्हींच्या संयोगाने डोळे आणि घसा चुरचुरणारा वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणसालाही बाधतो. काळे फिनाइल तर कुत्रा असलेल्या घरात नकोच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये पंजाला लागतात, कुत्रा पंजे चाटतो आणि विषबाधा होऊ शकते. घरात मांजर असेल तर धोका आणखी जास्त.

जुनी ठिकाणे शोधण्यासाठी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उपयोगी पडतो. रात्री दिवे बंद करून जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीपर्यंत भिंती आणि फर्निचर बघा. वाळलेली लघवी फिकट पिवळसर-हिरवट चमकते. ज्यांना दोन-तीन जागा माहीत असतात त्यांना अनेकदा त्याच्या दुप्पट जागा सापडतात. शहाबादी किंवा कोटा फरशी, टाइल्समधले सिमेंटचे सांधे, डिस्टेंपरच्या भिंती आणि प्लायवूडची खालची कड या गोष्टी लघवी पितात. तिथे एकदा धुऊन वास जात नाही. दोन-तीन वेळा एन्झाइमने धुऊन, पूर्ण वाळवून, मग भिंतीच्या खालच्या भागाला धुता येईल असा रंग आणि प्लायवूडच्या कडेला पॉलिश किंवा लॅमिनेट लावून घेतले तर पुढचा त्रास वाचतो.

कोपऱ्यात डांबर गोळ्या ठेवणे, मिरचीपूड टाकणे, दाराशी लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवणे हे उपाय बरेच जण करतात. बाटल्यांनी निदान कोणाचे नुकसान होत नाही, फायदाही होत नाही. डांबर गोळ्या मात्र कुत्र्यासाठी विषारी आहेत. गोळी गिळल्याची शंका आली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

नसबंदीने किती फरक पडतो

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्ही अजूनही आधाराला घेतो. दोन वर्षांहून मोठ्या वयात नसबंदी झालेल्या ५७ नरांची माहिती त्यात घेतली होती. लघवीच्या खुणांबाबत निदान ६० टक्के कुत्र्यांमध्ये हा प्रकार निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला. जवळजवळ पूर्ण थांबण्याचे, म्हणजे ९० टक्के सुधारणा होण्याचे प्रमाण मात्र २५ ते ४० टक्क्यांच्या घरात होते. आणखी एक उपयोगी गोष्ट त्यात दिसली: कुत्र्याचे वय जास्त आहे किंवा सवय जुनी आहे, म्हणून फरक पडत नाही असे आढळले नाही.

म्हणजे नसबंदी उपयोगी आहे, पण ती जादू नाही. शस्त्रक्रिया झाली आणि घरातला जुना वास तसाच राहिला, तर कुत्रा सवयीने खुणा करत राहतो. काहींमध्ये फरक काही दिवसांत दिसतो, काहींमध्ये काही महिने लागतात. शस्त्रक्रियेनंतर लगेचच तो प्रजननक्षम राहत नाही असेही नाही; काही आठवडे त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवा.

वयाबद्दल सरसकट नियम सांगता येत नाही. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये साधारण सहा महिन्यांनंतर विचार करता येतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींमध्ये फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात, म्हणून हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण एक ते दीड वर्ष, थांबणे बहुतेक वेळा चांगले. मूळचाच घाबरट, बुजरा कुत्रा असेल तर आधी त्याच्या भीतीवर काम करू, शस्त्रक्रियेचे नंतर बघू, असे मी सांगतो. कारण तिथे खुणांचे मूळ संप्रेरकांत कमी आणि अस्वस्थतेत जास्त असते. माद्यांमध्ये नसबंदीमुळे माजाशी संबंधित खुणा थांबतात आणि पायोमेट्राचा धोका जवळपास संपतो. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, पण त्यावर औषध आहे.

"एकदा मादीशी लावून दिला की शांत होतो" हा सल्ला तुम्हाला पार्कमध्ये कोणी ना कोणी देईलच. तसे होत नाही. उलट अनुभवी नर मादीच्या वासाला जास्तच प्रतिसाद देतो. नसबंदीने कुत्रा लठ्ठ होतो ही भीती अर्धी खरी आहे: त्याची ऊर्जेची गरज कमी होते, आणि आपण वाटी तेवढीच भरत राहतो.

घरात काय करायचे

पहिले तीन-चार आठवडे एकच ध्येय ठेवा: त्याला घरात खूण करायची संधी मिळता कामा नये. प्रत्येक यशस्वी खूण सवय घट्ट करते. म्हणजे तो तुमच्या नजरेसमोर असेल, नाहीतर अशा जागेत असेल जिथे तो सहसा खूण करत नाही. घरातही हलकी, सहा फुटी दोरी पट्ट्याला लावून दुसरे टोक तुमच्या कमरेला किंवा खुर्चीला बांधा. तुम्ही भाजी निवडताय, लॅपटॉपवर काम करताय, तो पायाशी आहे. घरी कोणी नसेल तेव्हा त्याचे अंथरूण, पाणी आणि चघळायचे खेळणे असलेली एक छोटी खोली पुरे. कुत्रा जिथे झोपतो, खातो तिथे शक्यतो खूण करत नाही. याच कारणाने, जी जागा त्याने धरली आहे ती पूर्ण धुऊन झाल्यावर तिथेच त्याची जेवणाची वाटी ठेवून बघा किंवा रोज दहा मिनिटे तिथे खेळा. ही युक्ती साधी आहे आणि बऱ्याचदा लागू पडते.

चपला दाराबाहेर किंवा बंद कपाटात. पाहुण्यांच्या बॅगा टेबलावर. कुत्रा ज्या खिडकीतून बाहेर बघून भुंकतो तिच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी फिल्म. या तीन गोष्टींना एक दुपार लागते.

तो हुंगत हुंगत एखाद्या वस्तूभोवती फिरू लागला, अंग किंचित वळवले, की तोच क्षण. ओरडू नका. टाळी वाजवा किंवा नाव घ्या, लक्ष वळले की बाहेर न्या किंवा बसायला सांगून खाऊ द्या. पाय उचलून झाल्यावर बोलण्यात अर्थ नाही.

बाहेर मात्र त्याला मोकळीक द्या. बरेच लोक सकाळी ऑफिसच्या घाईत दहा मिनिटांत "शू कर, शी कर, चल" असे फिरवून आणतात. त्याला हुंगायला, चार ठिकाणी खूण करायला वेळच मिळत नाही, आणि ते काम तो घरी येऊन पूर्ण करतो. दिवसातून निदान एक फेरी अशी असू द्या जिथे तो ठरवेल कुठे थांबायचे. बाहेर लघवी केली की त्याच क्षणी, दोन सेकंदांच्या आत, शाबासकी आणि खाऊ. सोसायटीची गाड्यांची चाके, लिफ्ट, जिना, शेजाऱ्यांची तुळस इथे मात्र दोरी आखूड धरा. शेजाऱ्यांच्या तक्रारी कुत्रा पाळणाऱ्यांच्या नशिबी आधीच बऱ्याच असतात.

पोटाला बांधायचा कापडी पट्टा, ज्याला बेली बँड म्हणतात, नातेवाइकांकडे जाताना किंवा घरात कार्य असताना उपयोगी आहे. तो उपचार नाही. ओला झाला की बदला, नाहीतर कातडी लाल होते. रात्री काढून ठेवा.

नाक लघवीत घासणे, वर्तमानपत्राने मारणे, गॅलरीत कोंडणे यांतून कुत्रा एवढेच शिकतो की या माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग तो पलंगाखाली करतो. काही कुत्री तर फिरायला नेल्यावरही मालकासमोर लघवी करेनाशी होतात. आणि "रागावल्यावर मान खाली घालतो, म्हणजे त्याला चूक कळते" हेही खरे नाही. त्याला तुमचा आवाज आणि चेहरा कळतो. तासाभरापूर्वीच्या खुणेशी त्याचा संबंध तो लावत नाही.

अस्वस्थ कुत्रा

काही कुत्र्यांत वरचे सगळे करूनही खुणा थांबत नाहीत. तेव्हा वेळापत्रक बघावे. खुणा दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात वाढल्या? गणपतीत घरात माणसांचा राबता आणि बाहेर ढोल असताना? फक्त एकटा असतानाच होतात, सोबत दार ओरबाडणे, लाळ गाळणे, सतत भुंकणे आहे? मग मूळ प्रश्न भीतीचा किंवा एकटेपणाचा आहे. घरात दोन कुत्रे असतील आणि त्यांच्यात ताण असेल, तर अंथरूण, भांडी, फिरण्याच्या वेळा वेगळ्या कराव्या लागतात.

अशा निवडक कुत्र्यांना फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधे आम्ही देतो. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सोबत वागणुकीचे प्रशिक्षण चालू असेल तरच ती उपयोगी. घरातल्या कोणाची तरी हीच गोळी अर्धी करून कुत्र्याला देऊ नका. माणसाचा आणि कुत्र्याचा डोस वेगळा असतो, आणि झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्यात ही औषधे धोक्याची ठरू शकतात.

घरातल्या माणसांसाठी

निरोगी कुत्र्याच्या लघवीने घरात सहसा आजार येत नाही. अपवाद लेप्टोस्पायरोसिसचा. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हा आजार दरवर्षी दिसतो. तो मुख्यतः उंदरांच्या लघवीतून पसरतो, साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला होऊ शकतो, आणि बाधित कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्याला सुरुवातीला लसीचे दोन डोस आणि मग दरवर्षी एक अशी लेप्टोची लस द्या. ती सर्व उपप्रकारांपासून संरक्षण देत नाही, तरी धोका बराच कमी करते. लघवी पुसताना हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर नक्कीच, आणि नंतर साबणाने हात धुवा. हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर टिकत नाहीत, म्हणून जागा वाळवण्याला महत्त्व आहे. रांगणारे मूल घरात असेल तर खुणेची जागा धुऊन वाळेपर्यंत त्याला तिथे सोडू नका. कुत्र्याला ताप, उलट्या, डोळे-हिरड्यांना पिवळेपणा असेल तर त्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका आणि लगेच तपासून घ्या. घरात त्याच सुमारास कोणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराबद्दल सांगा.

सोडून देण्याचा विचार मनात आला असेल तर

तो येतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण घरात वाढलेला कुत्रा गावाकडे किंवा दुसऱ्या वस्तीत सोडला, तर तिथली कुत्री त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत आणि अन्न शोधायची त्याला सवय नसते. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. त्यापेक्षा सहा ते आठ आठवड्यांची मुदत ठरवा, घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागायचे कबूल करा, आणि कॅलेंडरवर रोज किती खुणा सापडल्या तो आकडा लिहा. दिवसाला सहावरून दोनवर आलेला आकडा डोळ्यांना दिसला की आजींचेही मत थोडे सैल होते.

हेच कॅलेंडर तपासणीला येताना घेऊन या. सोबत खुणांच्या जागांचे फोटो, जमल्यास खूण करतानाचा व्हिडिओ, पाण्याचे तीन दिवसांचे माप, चालू असलेली औषधे, लसीकरणाचे पुस्तक, मादी असेल तर शेवटच्या माजाची तारीख, आणि सकाळच्या लघवीची ती डबी.